चौथ्या नकलेचा जोर

सुरतेत थंडी अंगाला लागण्याआधी नाकाला कळते. तापीकाठच्या मोकळ्या जागांवर पोंकाचे मांडव उभे राहतात, ज्वारीची कोवळी कणसे निखाऱ्यावर भाजून झोडपली जातात, आणि तो हिरवट, दुधाळ, किंचित धुरकट वास पुलावरून जाणाऱ्या सायकलस्वारालाही खाली उतरवतो. आमच्या खानदेशात ह्यालाच हुरडा म्हणतात आणि तो शेतात बसून खातात. येथे तो कागदाच्या पुडीत मिळतो आणि वर लिंबू-मिऱ्याची शेव पडते. काल संध्याकाळी मी अशीच एक पुडी घेतली, पहिला घास तोंडात टाकला, आणि जिभेवर ज्वारी असताना नाकात मात्र बंदुकीच्या तेलाचा वास आला. तो वास तेथे कोठेही नव्हता. तो काही हिवाळ्यांपूर्वीचा होता.

ते वर्ष प्लेगच्या पळापळीनंतरचे. शहर नुकतेच झाडूनपुसून निघाले होते, रस्ते रुंद झाले होते, आणि लोक एकमेकांना भेटताना उगाचच थोडे जास्त हसत होते. अशा स्वच्छ झालेल्या हिवाळ्यात मी, वयाच्या पंचेचाळिशीत, नेम धरायला शिकत होतो.

माझा व्यवसाय अर्ज लिहिण्याचा. नानपुऱ्यात सरकारी कचेऱ्यांच्या बाहेर, लिंबाच्या सावलीत माझे टेबल आहे. शाळेत माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले. त्यापुढचे कचेऱ्यांनी करून घेतले. गुजराती, हिंदी आणि मराठी ह्या तिन्ही भाषांत मी मसुदा करतो. माझा मसुदा आजवर कोणत्याही टेबलावरून भाषेच्या कारणाने परत आलेला नाही, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधला कामगार असो की उधन्याच्या चाळीतली विधवा, माणूस माझ्यासमोर बसतो तेव्हा त्याची तक्रार रडण्याच्या रूपात असते. तो उठतो तेव्हा ती परिच्छेदांत असते. हे काम हाताचे आहे. टंकलेखन यंत्रे आली तरी माझ्याकडे माणसे येत राहिली, कारण माझे अक्षर पाहून कारकूनही क्षणभर थांबतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर ह्या अक्षराला कापरे भरू लागले. प्रथम ते फक्त मलाच दिसले. उकाराचे शेपूट सरळ खाली न येता पाण्यातल्या सावलीसारखे हलत येऊ लागले. दुपार कलली की बोटे आखडत आणि पेन टेकवताना टोक कागदावर दोनदा टेके. मी लोकांना म्हणे, पेन बिघडले आहे. पेन बदलले, शाई बदलली, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला.

माझे वडील लूमवर कामाला होते. ताण्यातला तुटलेला धागा चालत्या मागाशेजारी उभे राहून बांधण्यात त्यांचा हात इतका साफ होता की गाठ कोणती हे मालकालाही सापडत नसे. मग त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. गाठ बसेना, काम सुटले, आणि ते गावी परत गेले. तेथे ओट्यावर बसलेले असताना मांडीवर ठेवलेला त्यांचा हात आपला आपण हलत राही, जणू अजून धागा शोधत आहे. कोणी आले की ते तो हात मांडीखाली दाबून बसत. ते वारले तेव्हा माझ्या त्या वेळच्या वयापेक्षा फार मोठे नव्हते. त्या हिवाळ्यात एके दिवशी टेबलाशी गिऱ्हाईक नसताना माझ्या लक्षात आले की मीही उजवा हात मांडीखाली घालून बसलो आहे.

जागृतीबेन माझ्याकडे आल्या त्या अर्जासाठीच. त्या एका शाळेत व्यायामशिक्षिका होत्या. अठवा लाइन्सकडे एका इमारतीच्या मागे लांबट, रिकामा हॉल पडून होता. रविवारी सकाळी तेथे नवशिक्यांना एअर रायफलने निशाणावर नेम धरायला शिकवण्याची परवानगी त्यांना हवी होती. मी पेन खाली ठेवले आणि म्हणालो, "शस्त्राचा परवाना दाखवा."

"काका, हवा की बंदूक है. इसको लाइसेन्स नहीं लगता," त्या हसून म्हणाल्या.

"ते मी ठरवीन. वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी तिचे वर्णन लिहीत नाही."

परवाना खरोखरच लागत नव्हता. पुढे मी नियम पाहून खात्री केली. पण शब्द निघून गेला होता, म्हणून रविवारी मला जावे लागले. हॉलच्या एका टोकाला लाकडी टेबल, दहा मीटरवर दुसऱ्या टोकाला जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले निशाणाचे कागद. प्रत्येक कागदावर काळे वर्तुळ आणि त्यात बारीक वलये. जागृतीबेननी रायफलची नळी खाली वाकवली, शिशाचा एक लहानसा छर्रा आत बसवला, नळी परत जागेवर आणली आणि बंदूक माझ्या हाती दिली. "लो, वर्णन कर लो."

मी दस्ता खांद्याला लावला आणि नळीच्या टोकावरच्या माशीतून पाहिले. माशी म्हणजे नेम धरण्यासाठी बसवलेला तो लहानसा लोखंडी दाणा. तो काळ्या वर्तुळावर ठरेना. वर जाई, डावीकडे घसरे, परत येई, पुन्हा निसटे. मी जितका जोर लावला तितका तो नाचला. चाप दाबला तेव्हा फट् असा कोरडा आवाज झाला आणि कागदाबाहेरच्या पुठ्ठ्यावर एक भोक पडले. माझ्या पाठीवर भर थंडीत घाम आला होता. जे उकाराच्या शेपटात होते ते येथे दहा मीटर लांब होऊन माझ्यासमोर उभे होते.

मी अर्ज उत्तम लिहून दिला, परवानगी मिळाली, आणि पुढच्या रविवारी मी स्वतःचे नाव शिकणाऱ्यांत घातले. ह्यामागचा विचार आज सांगायला हरकत नाही. डॉक्टरकडे गेलो असतो तर त्याने जे सांगितले असते त्यावर अपील नव्हते. बंदुकीचे तसे नाही. ती दर रविवारी नव्याने सुनावणी घेते. माशी ज्या दिवशी वर्तुळावर ठरेल त्या दिवशी मी समजेन की मला वडिलांचा आजार नाही, आणि तोवर प्रकरण प्रलंबित राहील, असे मी मनाशी ठरवले.

त्या रविवारांची आठवण मला चेहऱ्यांपेक्षा आवाजांनी अधिक येते. नळी वाकवतानाची लोखंडी कुरकुर, छर्रा बसवताना बोटाच्या टोकाला लागणारा शिशाचा करडा रंग, चाप दाबल्यावरचा तो फट्, आणि मग कागदात भोक पडल्याचा अगदी हलका, जवळजवळ लाजरा आवाज. उंच खिडक्यांतून ऊन तिरके येई आणि त्यात धुळीचे कण इतके स्थिर तरंगत की मला त्यांचा हेवा वाटे. शिकणारे आम्ही थोडेच होतो. त्यांत रमणीक नावाचा सौराष्ट्राकडचा एक तरुण होता, हिरे घासण्याच्या कारखान्यात काम करणारा. दिवसभर चिमट्यात हिरा धरून चाकावर टेकवणाऱ्या त्या माणसाला नेम पहिल्याच दिवसापासून जमला, आणि जीभ त्याहून आधीपासून जमलेली होती.

"काका, कागद पर छर्रा मारना है, सही नहीं करनी," तो म्हणे.

"तू तुझ्या कागदाकडे पाहा."

"मेरा तो देख लिया. आपका ढूँढ रहा हूँ. छर्रा गया किधर? भरूच?"

सगळे हसत. मीही हसल्यासारखे करी. जागृतीबेन मात्र हसत नसत. मागे हात बांधून त्या माझ्या बाजूला उभ्या राहत आणि पाहत. "गला मत पकडो काका," त्या म्हणत. "राइफल है, भागेगी नहीं." मला वाटे, ह्यांना काय ठाऊक. मी हात सैल सोडला तर आतले सगळे बाहेर दिसेल. म्हणून मी आणखी घट्ट धरी.

घरी मी काही बोललो नव्हतो. रविवारी सकाळी काम निघाले आहे एवढेच सांगत असे. पण सराव राहिला तर नुकसान होईल म्हणून एका संध्याकाळी आतल्या खोलीत छत्री खांद्याला लावून भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एका आकड्यावर नेम धरला असताना माझी पत्नी सुमन दारात येऊन उभी राहिली. लग्नाला इतकी वर्षे झाली तरी तिने अहिराणी सोडलेली नाही.

"हाई काय करी ऱ्हायनात?"

मी छत्री खाली घेतली. "व्यायाम. एका संस्थेत बंदुकीचा नेम शिकवतात. आरोग्यास हितकर असतो."

"बंदूक?" ती दाराची चौकट धरून म्हणाली. "या वयमा बंदूक कसाले जोयजे तुम्हले?"

"हवेची आहे. खेळ आहे तो."

ती स्वयंपाकघरात गेली, आणि पोळपाटावर लाटणे नेहमीपेक्षा जोराने आपटू लागले. त्यानंतर रोज सकाळी तिची देवपूजा लांबत गेली. मला वाटले, मार्गशीर्ष आहे.

पौष लागला तसे ऊन कोवळे झाले, उंधियूच्या, म्हणजे थंडीतल्या मिश्र भाजीच्या, हंड्या दुकानांबाहेर आल्या, गल्लोगल्ली चरख्यांवर गुलाबी मांजा सुकू लागला. सगळे शहर आकाशाकडे पाहत होते आणि मी माझ्या हाताकडे. एका रविवारी तर माझा एकही छर्रा काळ्या वर्तुळाला शिवला नाही. शेवटी शेवटी बोटे इतकी आखडली की चाप दाबल्यावर ती उघडेनात; दुसऱ्या हाताने सोडवावी लागली. रमणीकने ते पाहिले आणि त्या दिवशी त्याने थट्टा केली नाही. त्याचे गप्प राहणे मला फार लागले. मी बंदूक ठेवली आणि बाकावर जाऊन बसलो. मनात निकाल वाचून झाला होता. उद्या टेबल कोणाला द्यावे, मुलीचे लग्न अजून व्हायचे आहे, हे विचार एकामागून एक शिस्तीत येऊन उभे राहिले, जसे माझ्यापुढे लोक उभे राहतात.

जागृतीबेन शेजारी येऊन बसल्या. त्यांनी न विचारताच माझा उजवा हात मांडीखालून ओढून बाहेर काढला, उलटा केला, आणि मधल्या बोटाच्या पेराला पडलेला घट्टा अंगठ्याने दाबून पाहिला.

"ये कैसे हुआ?"

"लेखनाने."

"लिखने से इतना? दिखाओ, कैसे लिखते हो."

मी खिशातले पेन काढले आणि निशाणाच्या जुन्या कागदाच्या पाठीवर 'विनंती अर्ज' एवढेच लिहिले. त्यांनी कागद उलटला. अक्षरे दुसऱ्या बाजूने वर आली होती. आंधळ्यानेही बोटांनी वाचावीत इतकी.

"इतना जोर?"

"नकला लागतात," मी समजावून सांगितले. "एक कचेरीला, एक वरच्या साहेबाला, एक पोचेसाठी, एक अर्जदाराला. खाली तीन कार्बन असतात. चौथी नक्कल उमटली पाहिजे. ती अर्जदाराची असते, आणि तीच पुसट निघाली तर गरीब माणसाने भांडायचे कशाच्या आधारावर?"

जागृतीबेननी समोरच्या पुठ्ठ्याकडे बोट केले.

"काका, वहाँ एक ही कागद है. उसके नीचे कार्बन नहीं है."

इतकी वर्षे जे जे हाती धरले ते मी चौथ्या नकलेसाठी धरले होते: पेन, सायकल, पाण्याची बादली, आणि आता ही बंदूक. सांगायचे एवढेच की माझ्या हाताला सैल धरणे असे काही असते हे कोणी सांगितलेच नव्हते. पण भीती एवढ्याने जाणारी नव्हती. मी हळू आवाजात त्यांना वडिलांचे सांगितले. मी ते त्याआधी कोणालाही सांगितले नव्हते.

त्यांनी ऐकून घेतले. "उनका हाथ कब हिलता था? काम करते, या खाली बैठे?"

"बसलेले असताना. मांडीवर."

"रखो अपना हाथ मांडी पर. पकड़ना कुछ नहीं. पड़ा रहने दो."

मी हात ठेवला. त्यांनी डबीतून एक छर्रा काढला. ह्या छऱ्याला खाली घेरदार कड असते, परकरासारखी, त्यामुळे तो उभा राहतो. तो त्यांनी माझ्या हाताच्या पाठीवर, पालथ्या पंजावर, उभा करून ठेवला आणि उठून रमणीककडे गेल्या.

मी त्या छऱ्याकडे पाहत बसलो. तिकडे रमणीकने नळी वाकवली, छर्रा भरला, नेम धरला, मारला. पुन्हा भरला, पुन्हा मारला. खिडकीतले ऊन बाकाच्या पायापासून माझ्या चपलेपर्यंत सरकले. माझ्या हातावरचा तो करडा, इवलासा तुकडा उभाच होता. मी श्वास रोखून धरला होता तो सोडला, तरी उभा. खोकलो, तेव्हा डुलला आणि उभा राहिला. वडिलांच्या हातावर तो टिकला नसता. मला हे कळले तेव्हा डोळ्यांत पाणी आले, आणि रमणीक लांबून ओरडला, "काका, रोते क्यों हो? आपकी बारी अभी बाकी है!"

मी उठलो आणि बंदूक घेतली. डावा पंजा नळीखाली नुसता ठेवला, जसा आपण एखाद्याच्या मुलाला कडेवरून घेताना आधी खाली हात नेतो तसा. माशी तरीही हलली. ती कोणाचीही हलतेच, हे जागृतीबेननी नंतर सांगितले. पण आता ती वेड्यासारखी नाचत नव्हती, फेर धरत होती, आणि त्या फेरात काळे वर्तुळ होते. चाप दाबला. फट्. कागदाच्या काळ्या भागात, कडेला, एक भोक पडले. मधोमध नव्हते. मी अजूनही सांगतो की मधोमध नव्हते. पण काळ्यात होते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरकडे गेलो, कारण आता मला जाता येत होते. त्यांनी हात ताणवला, बोटे मिटवली, उघडवली, मांडीवर ठेवायला लावला, मला चालायला लावले. दाबून लिहून स्नायू थकलेले आहेत, काही दिवस विश्रांती द्या, पेन हलके धरा, असे ते म्हणाले. वडिलांचा आजार येथे दिसत नाही, असेही स्पष्ट म्हणाले. "एवढे दिवस आला का नाहीत?" त्यांनी विचारले. बंदुकीकडे प्रकरण चालू होते, हे मी त्यांना सांगितले नाही.

दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा उधन्याचा तो नेहमीचा रस्ता, ज्यावर लूमांचा खडखडाट दिवसरात्र पायांखालून चढत असतो, मला प्रथमच शांत वाटला. मला भूक लागली. कित्येक आठवड्यांत मला भूक लागली नव्हती, एवढेच नव्हे तर ती लागत नाही हेही ध्यानात आले नव्हते. मी उभ्याउभ्या लोचो, म्हणजे चणाडाळीचा तो वाफवलेला मऊ सुरती पदार्थ, खाल्ला, वर तेल मागून घेतले, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला विनाकारण विचारले, "काय, थंडी कशी आहे?" तो म्हणाला, "सरस!" आणि मला ते उत्तर फार योग्य वाटले.

हलका हात टेबलावर रुळायला वेळ लागला. पांडेसऱ्याचा एक कामगार त्याच आठवड्यात कचेरीच्या पायऱ्या उतरून परत आला आणि त्याने माझ्यापुढे कागद धरला. "काका, हाई ते कोरं शे!" चौथी नक्कल खरोखरच कोरी होती, नीट पाहिले तर मजकुराची फक्त चाहूल दिसत होती. पूर्वी असे झाले असते तर मी आठवडाभर स्वतःला माफ केले नसते. त्या दिवशी मी त्याला स्टुलावर बसवले आणि सगळा अर्ज पुन्हा, सावकाश, नव्या कागदावर लिहून दिला. तेव्हापासून माझी पद्धत तीच आहे. शेवटची प्रत कार्बनची नसते. ती अर्जदारासमोर शाईने लिहिली जाते. अर्जदारांना वाटते की हा माझ्याकडचा विशेष मान आहे, आणि मी त्यांचा तो समज मोडत नाही.

ह्या सुटकेत एक जागा दुखरी राहिली. वडिलांचा हात खरोखरच आजारी होता. त्यांच्या पंजावर कोणी छर्रा उभा करून पाहिला असता तरी तो पडलाच असता. पण तो हात त्यांना मांडीखाली दाबावा लागला नसता, एवढे कोणीतरी करू शकले असते. ते कोणी केले नाही, कारण आम्ही सगळे त्या हाताकडे न पाहण्याचा सभ्यपणा पाळत होतो.

सुमनला मी सर्व सांगितले ते संक्रांतीच्या आदल्या दिवशी, ती तीळ निवडत असताना. अक्षराचे, वडिलांचे, डॉक्टरचे. ती सूप खाली ठेवून ऐकत राहिली आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा असा सुटत गेला की मला वाटले ही आता रडणार. ती हसायला लागली.

"हातनी भीती व्हती? नुसती हातनी?"

"नुसती म्हणजे?"

"माले वाटनं, कोनी धमकी दिधी तुम्हले!" ती म्हणाली. मी त्या पावसाळ्यात एका दांडग्या घरमालकाविरुद्ध भाडेकरूंचा अर्ज लिहिला होता. त्या माणसाने काही केले असावे, म्हणून मी बंदूक शिकतो आहे, आणि एक दिवस मी तरी त्याला मारीन किंवा तो तरी मला, असे तिने छत्री पाहिली त्या संध्याकाळपासून धरून ठेवले होते. "मी रोज देवले हात जोडी ऱ्हायनू, आनि तुम्ही कॅलेंडर मारी ऱ्हायनात!"

"मला विचारायचे होतेस."

"तुम्ही माले सांगं का?"

आम्ही दोघे त्या तिळांवर वाकून इतके हसलो की शेजारीण दारात डोकावून गेली.

दुसऱ्या दिवशी संक्रांत, म्हणजे इकडचे पतंगांचे उत्तरायण. चाळीची सगळी माणसे गच्चीवर होती; आकाशात पाय ठेवायला जागा नव्हती आणि चारी बाजूंनी "काप्यो छे!" च्या आरोळ्या उठत होत्या. सुमनने खालून चहा आणला आणि बशीत काठोकाठ ओतून माझ्या हाती दिला. मी तो घेऊन कठड्याकडे निघालो. तेवढ्यात कोठला तरी कापलेला हिरवा पतंग माझ्या खांद्यावरून दोरा घासत गेला, मी तो पकडायला वळलो, आणि सगळा चहा माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर आला.

"आरे, नवा सदरा शे ना!" सुमन ओरडली.

मी सदऱ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे, मग शेजारच्या गच्चीवर उतरत चाललेल्या त्या पतंगाकडे. पतंग गेलाच. चहा गेलाच. खाली येऊन सदरा पाण्यात भिजवताना माझ्या ध्यानात आले की एवढे सगळे सांडले, आणि मी हाताकडे पाहिलेच नव्हते.